कोणाला हरकत असल्यास

सकाळची मिस्सा आटोपून बाहेर आलो, तो वाडीवाले एक वृद्ध घडी केलेला नकाशा घेऊन उभे. "फादर, ह्यात आमचं बावखल कुठं आहे, तेवढं दाखवा." मी पुष्कळ शोधले. बावखलाच्या जागी नियोजित रस्त्याची रेघ होती.

वसईच्या केळी-पानवेली ह्या बावखलांनी पोसल्या. पावसाचे पाणी त्यांत साठते, जमिनीत मुरते आणि विहिरींचे पाणी गोडे राखते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखडा प्रथम प्रारूप म्हणून प्रसिद्ध होतो. मुदतीत कोणाही नागरिकास लेखी हरकत नोंदविता येते. मुदत टळली, की ओढलेली रेघ पुसणे कठीण.

ती टळून पंधरवडा लोटला होता. सूचना मी वर्तमानपत्रात वाचली होती. कार्यालयीन भाषा म्हणून बाजूला सारली होती. विवाहेच्छूंची नावे पुकारून 'कोणाला हरकत असल्यास कळवावे' असे वेदीवरून सांगणारा मी, गावाच्या भूमीविषयीची तशीच हाक देण्यास चुकलो.

१९८० च्या दशकाअखेर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासह हजारो लोक हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले. त्यांचा वारसा आम्ही अभिमानाने सांगतो. पण नकाशा उलगडून पाहायला आम्हांला सवड नसते.

आता अशी प्रत्येक सूचना चर्चच्या फलकावर लागते. मिस्सेनंतर दोन तरुण लोकांना गट क्रमांक शोधून देतात, अर्ज लिहून देतात.

त्या दिवशी मी वृद्धांची क्षमा मागितली. ते काही बोलले नाहीत. नकाशाची घडी जपून घालून वाडीकडे वळले. शिंपणाची वेळ झाली होती.