एकेरी, दुहेरी, तिहेरी

राळेगणसिद्धी म्हटलं की पाणलोटाची कामं आठवतात. तिथल्या गोबरगॅसबद्दल फारसं कुणी बोलत नाही. टाकीत शेणकाला कुजतो, वर मिथेन साठतो आणि नळीतून शेगडीपर्यंत येऊन निळा जळतो. कार्बनचा एक अणू, भोवती चार हायड्रोजन, प्रत्येकाशी इलेक्ट्रॉनची एक जोडी भागीत. फळ्यावर तो अधिकच्या चिन्हासारखा सपाट काढतात, आणि पोरांच्या डोक्यात तसाच सपाट राहतो. खरं तर चारही बंध एकमेकांपासून होईल तितके लांब सरकतात, चौफलकाच्या चार कोपऱ्यांकडे, १०९.५ अंशांवर. रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफनं १८७४ मध्ये हे मांडलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. कोल्बेसारख्या बुजुर्गानं त्याची छापील टिंगल केली. टिंगल विरली, चौफलक टिकला.

आता दोन कार्बन घ्या. त्यांच्यात दुहेरी बंध आला की इथिलीन. अढीत एक आंबा पिकला की शेजारचेही पिकू लागतात, ते याच्याच जोरावर. फळ तो स्वतःच सोडतं. तिहेरी बंध आला की अॅसिटिलीन. उसाच्या ट्रॉलीचा तुटलेला अँगल जोडणारा गॅसवेल्डर हाच वायू ऑक्सिजनबरोबर जाळतो. ज्योत ३००० अंशांच्या वर जाते.

बंध वाढले म्हणजे रेणू अधिक शांत, असं वाटतं ना? तसं नाही. पहिला बंध दोन अणूंच्या बरोबर मधोमध बसतो. दुसरा-तिसरा कडेनं जुळतो, त्याचे इलेक्ट्रॉन सैल असतात आणि कुणीही आलं की आधी तेच हलतात. म्हणून मिथेन बिचारा ठिणगी पडेपर्यंत गप्प असतो, तर दाबाखालचा अॅसिटिलीन ऑक्सिजनशिवायही फुटू शकतो. सिलिंडरमध्ये तो अॅसिटोनमध्ये विरघळवून ठेवावा लागतो, तो त्यासाठीच.

फळं पिकवायला काहीजण वापरतात त्या कार्बाइडच्या खड्यांवर पाणी पडलं की फसफसून अॅसिटिलीनच निघतो. लसणासारखा तो उग्र वास मात्र त्याचा नव्हे, खड्यातल्या फॉस्फरसमुळे होणाऱ्या फॉस्फिनचा. अॅसिटिलीन इथिलीनसारखा दिसतो म्हणून फळही त्याला फसतं: साल पिवळी होते, गर तसाच आंबट. खड्यात आर्सेनिकचे अंशही असतात. कार्बाइडनं फळं पिकवायला देशात बंदी आहे; इथिलीन वायू हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत चालतो. तेव्हा आंब्याच्या पेटीत खड्यांची पुडी दिसली, तर पेटी घेऊ नका. अन्न व औषध प्रशासनाला कळवा.