भांडखोर माशाचा सोबती

(द्वितीय वर्ष, कला)

भांडखोर माणसाला सोबती मिळत नाही असे म्हणतात. पण भांडखोर माशाला सोबती शोधून देणे हे गेले वर्षभर माझे रोजचे काम आहे. कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी तीन तास मी पोवई नाक्याजवळच्या एका शोभिवंत माशांच्या दुकानात काम करते. वसतिगृहाच्या खाणावळीचे पैसे त्यातून निघतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सांगली जिल्ह्यात, भिलवडीच्या बाजूला, कृष्णाकाठी आमचे गाव. आम्ही भोई. आबा नदीत जाळे टाकतात, आई बाजारात मासे विकते. "एवढं शिकून शेवटी मासेच विकतेस होय गं?" असे मैत्रिणी चिडवतात. मी हसते. काम करून शिकणे ही साताऱ्यात नवलाची गोष्ट नाही. कर्मवीर अण्णांनी इथेच ती रुजवली.

दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाची नजर बहुधा ऑस्करवर खिळते. हा मासा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. काळ्या अंगावर निखाऱ्यासारखे पट्टे, आणि माणूस जवळ आला की काचेपाशी येऊन टकमक बघणार. लगेच प्रश्न येतो, "याच्याबरोबर दुसरं काय सोडू?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी मी माशाचे तोंड दाखवते. तोंडात मावेल तो खाऊ, तोंडात मावत नाही तो शेजारी, हा पहिला नियम. दुकानात दोन बोटांएवढा दिसणारा ऑस्कर वर्षभरात वीतभर होतो आणि पुढे फुटापर्यंत जातो. म्हणून सोबती आजच्या मापाने निवडायचा नाही, वर्षानंतरच्या मापाने निवडायचा. दुसरा नियम मजल्यांचा. आमच्याकडची शेततळी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तो सांगायला नको. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तिघे एका तळ्यात सुखाने वाढतात. तिसरा नियम मला फार नवलाचा वाटला. मासा सर्वांत जास्त भांडतो तो आपल्यासारख्याच दिसणाऱ्याशी. निराळ्या घडणीचा, निराळ्या रंगाचा मासा त्याला तितका खुपत नाही. आणि चौथा नियम जागेचा. जुन्या माशाने टाकीतला कोपरान् कोपरा आपला मानलेला असतो. म्हणून नवा मासा सोडण्यापूर्वी दगड हलवून टाकीची मांडणी बदलायची, दिवा मालवायचा, मग त्याला सोडायचे. म्हणजे त्या रात्रीपुरते तरी दोघेही नवखे!

इतके करूनही काहींना सोबती मिळत नाही. फ्लॉवरहॉर्न हा कपाळावर टेंगूळ असलेला मासा निसर्गात नव्हताच. १९९० नंतरच्या दशकात मलेशियात संकर करून माणसाने तो घडवला. त्याला एकटाच ठेवावा लागतो.

मानसशास्त्राचा अभ्यास करताना कोनराड लोरेन्झ यांचे नाव भेटले. या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आक्रमकतेवरच्या त्यांच्या १९६३ च्या पुस्तकात ऑस्करच्याच कुळातल्या माशांची हकिकत आहे. जमलेली जोडी सुखात राहावी म्हणून टाकीत एकटी ठेवली, तर नर मादीवरच तुटून पडे. टाकीत मध्ये काच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवली, की त्याचा राग काचेवर निघे आणि घरात शांतता नांदे. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला, की पुन्हा मादीची धडगत नसे. हे वाचल्यावर मला आमच्या गल्लीतली दोन-तीन घरे आठवली. असो.

मूळ प्रश्नाकडे येते. ऑस्करबरोबर काय सोडावे, याचे जवळजवळ प्रत्येक जण देतो ते उत्तर म्हणजे सकर. हाही दक्षिण अमेरिकेचाच. काचेला तोंड चिकटवून शेवाळ खातो, तळाशी राहतो, दिसायला अगदी निराळा, आणि अंगावर हाडांचे चिलखत. वरचे सगळे नियम त्याला चपखल बसतात. तो टाकी साफ ठेवतो अशीही समजूत आहे. पण माशांची घाण तो खात नाही, उलट स्वतःची भर घालतो. लहानपणी बोटाएवढा असतो, वाढून फूट-दीड फुटाचा होतो. मग दोन फुटांच्या टाकीत त्याला वळताही येत नाही. गिऱ्हाईक कंटाळते. एक सद्गृहस्थ मला म्हणाले, "संगम माहुलीला नदीत सोडून आलो. मारण्यापेक्षा बरं, तेवढंच पुण्य!"

मी त्यांना आबांच्या जाळ्याची गोष्ट सांगितली. मी बारावीत असतानाची ती गोष्ट. पहाटे आबा नदीवरून आले ते जाळे खांद्यावर न घेता हातात धरून. तंगुसाच्या जाळ्यात हा चिलखती मासा काट्यांनी असा गुरफटला होता, की सोडवायला गेले तर हाताला जखमा. शेवटी जाळे कापावे लागले. मासा बाजारात कोणी घेईना. त्या दिवशीचे उत्पन्न शून्य, आणि वर जाळ्याचा खर्च. ज्या चिलखतामुळे ऑस्कर त्याला गिळू शकत नाही, त्याच चिलखतामुळे मोठा झालेला सकर आमच्या मरळीलाही गिळवत नाही. काठाच्या मातीत बिळे करून तो अंडी घालतो आणि नर त्यांची राखण करतो.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते, माहुलीला वेण्णेला भेटते, कऱ्हाडला कोयनेला, मग आमच्या गावावरून सांगलीला आणि हरिपुरास वारणेला. साताऱ्यात सोडलेला मासा सांगलीकडे येणारच. वाटेत बंधारे आहेत. पण पुराच्या पाण्याला बंधारा कुठला? २०१९ चा पूर आम्ही पाहिला आहे. पाहुणे मासे आम्हाला नवे नाहीत. चिलापी, म्हणजे तिलापिया, १९५२ साली भारतात आणली गेली. तीही ऑस्करच्याच कुळातली. पण ती निदान विकली तरी जाते.

सुट्टीत घरी गेल्यावर मी आबांना दुकानातले सगळे नियम समजावून सांगितले. ते शाळेत चौथीपर्यंतच गेले. पण पकडलेली मरळ लहान माशांच्या भांड्यात ठेवायची नाही, हे त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक होते. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "टाकीतल्याला सोबती तू बघून देतीस. नदीत सोडल्यावर कोण बघणार? नदीला काच न्हाय, पोरी."

हे वाक्य मी मालकांच्या कानावर घातले. ते आधी कुरकुरले, मग मागच्या बाजूला एक मोठी टाकी मांडून दिली. नकोसा झालेला मासा तिथे आणून द्यावा, पैसे मिळणार नाहीत, पण नदीत सोडू नये, अशी पाटी मी स्वतः रंगवली. आता सकर विकण्यापूर्वी मी गिऱ्हाइकासमोर दोन्ही हात पसरून त्याची पुढची लांबी दाखवते. निम्मे लोक बेत बदलतात. मालक कपाळाला हात लावतात, पण मला कामावरून काढलेले नाही.

सध्या त्या मागच्या टाकीत पाच सकर आहेत आणि काचेच्या आडपडद्यापलीकडे एक म्हातारा ऑस्कर. परवा एका मुलाने त्याच्याकडे बोट दाखवून विचारले, "ताई, याला सोबती कोणता देऊ?"

मी म्हटले, "कोणताच नको. हा एकटाच घेऊन जा. मात्र टाकी चार फुटांची हवी, आणि अजून काही वर्षे त्याचं करायची तयारी हवी."

तो वडिलांना विचारून येतो म्हणाला आहे. मी वाट पाहते आहे.