चाकावरचा ओरखडा

मागच्या शनिवारी गाडीचे चारही टायर बदलले. घरी येऊन बघतो तर जिवापाड जपलेल्या अलॉय व्हीलच्या कडेला बोटभर ओरखडा! आधी दुकानातल्या पोराचा राग आला. मग आठवलं, "लवकर उरक रे" म्हणत त्याच्या डोक्यावर उभा मीच होतो.

टायर काढायच्या मशीनच्या लोखंडी टोकावर प्लॅस्टिकची टोपी असते. ती झिजली, की लोखंड थेट अ‍ॅल्युमिनियमला घासतं. टायरच्या कडेला साबणाचं पाणी नीट फिरवलं नाही, तर टायर अडतो आणि टॉमी जोरात दाबावी लागते. टोपी बदलून पाणी लावायला पाच मिनिटं पुरतात. ती मीच दिली नाहीत.

ऑफिसात टेस्टिंगचा वेळ कापणाऱ्या मॅनेजरला मी रोज शिव्या घालतो. शनिवारी तो मॅनेजर मीच होतो की राव!