नऊ फटके आणि एक रविवार

आधी कबुलीजबाब. गेल्या जूनमध्ये मी माझा गोल्फचा सेट विकायला काढला होता. फोटो काढून झाले, किंमत ठरली, जाहिरातीचा मजकूरही तयार होता : 'कमी वापरलेला, मालकीण हताश.'

तीन वर्षांपूर्वी मी गोल्फवर एक स्टोरी करायला ड्रायव्हिंग रेंजवर गेले आणि तिथेच अडकले. फ्रीलान्सरला हा शौक परवडत नाही, हे आई आठवड्यातून दोनदा सांगते. तरी पहाटे साडेपाचला उठून मी पुण्यातल्या मैदानावर पोचते. हँडिकॅप २८. म्हणजे जाणकारांच्या भाषेत 'अजून वेळ आहे'. महिन्याच्या स्पर्धेत पहिले नऊ होल मी कुणी वेगळीच बाई असल्यासारखी खेळते आणि पुढच्या नवांत माझी मी परत येते.

जूनमध्ये मात्र अठराव्या होलपर्यंत सगळं जमून आलं होतं. शेवटच्या होलवर सहा फटके घेतले असते तरी बक्षीस माझं होतं. तीन फटक्यांत चेंडू ग्रीनच्या अलीकडे, मधे एक बंकर. कॅडी म्हणाला, "मॅडम, पटर घ्या. बाजूनं लोटा." पण क्लबहाउसच्या व्हरांड्यातून सगळे बघत होते ना! मी ऐटीत वेज काढली. चेंडू उंच उडाला आणि बरोब्बर वाळूत पडला. बाहेर काढायला तीन फटके, मग दोन पट. नऊ!

त्याच रात्री सेटचे फोटो काढले. जाहिरात टाकायच्या आधी एडिंबराहून आतेभावाचा फोन आला. "सप्टेंबरमध्ये ये. तुझ्या त्या गोल्फच्या पंढरीला जाऊ." दादाला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. त्याचं मत पक्कं, की चेंडू हलत नसेल तर तो मारण्यात कसली मर्दुमकी? पण तिकिटाचे पैसे तो अर्धे देणार होता. मी जाहिरात ड्राफ्टमध्ये ठेवली आणि निघाले.

स्टेशन नसलेलं गाव

एडिंबराहून ट्रेन सुटते आणि थोड्याच वेळात १८९० चा तो प्रचंड लाल फोर्थ ब्रिज लागतो. तासाभरात ल्यूकर्स नावाचं छोटं स्टेशन येतं. तिथून पुढे बस, कारण सेंट अँड्र्यूजचं स्वतःचं रेल्वे स्टेशन १९६९ मध्येच बंद झालं. गाव केवढंसं, तर आपल्या एखाद्या पेठेएवढं. एका टोकाला पडक्या कॅथीड्रलचे अवशेष, मधे १४१३ चं विद्यापीठ (हो, विल्यम आणि केट भेटले ते हेच), दुसऱ्या टोकाला समुद्र. आणि गावाला चिकटून, अगदी दुकानांच्या पायरीशी यावं तसं, ओल्ड कोर्स.

मला वाटलं होतं मोठ्ठं गेट असेल, सिक्युरिटी असेल, 'मेंबर्स ओन्ली' असेल. यातलं काहीही नाही. हे मैदान सार्वजनिक आहे. इथल्या गवतावर खेळायचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ च्या सनदेत नोंदला गेलाय. पोक्त दगडी इमारतीतला तो प्रसिद्ध आर अँड ए क्लब १७५४ चा. पण मैदान क्लबच्या मालकीचं नाही. गोल्फच्या राउंडमध्ये अठरा होल असतात तेही इथल्यामुळे. आधी इथल्या एका राउंडमध्ये बावीस होल खेळायचे, १७६४ मध्ये त्यांचे अठरा झाले आणि पुढे जगानं तोच आकडा उचलला.

खेळायचं असेल तर सोडत. दोघं किंवा जास्त जण असाल तर ४८ तास आधीची लॉटरी, एकटे असाल तर आदल्या दिवशी स्वतः जाऊन नाव नोंदवायचं. शुक्रवारी मी हँडिकॅप सर्टिफिकेट छातीशी धरून नाव दिलं. सीझनमध्ये फी तीनशे पौंडांच्या वर. म्हणजे नंबर लागला असता तरी रडले असते आणि नाही लागला तरी रडणारच होते.

संध्याकाळी यादी आली. माझं नाव नव्हतं. दादा म्हणाला, "वाचलीस. चल, जेवू."

हिमालय, एका कॉफीच्या पैशात

शनिवारी आम्ही 'हिमालय'वर गेलो. ओल्ड कोर्सच्या शेजारीच उंचवट्यांनी भरलेलं एक हिरवंगार पटिंगचं मैदान आहे, त्याचं हे लाडाचं नाव. कॉफीच्या पैशात अठरा होल, हातात फक्त एक पटर. इथली गोष्ट मला फार आवडली. एकोणिसाव्या शतकात बायकांनी खांद्याच्या वर हात नेऊन क्लब फिरवणं असभ्य मानलं जायचं. मग बायकांनी १८६७ मध्ये स्वतःचा पटिंग क्लब काढला. तोच हा क्लब, आजही चालू.

शेजारच्या आर अँड एनं बायकांना सभासदत्व द्यायचा ठराव केला २०१४ मध्ये! पण बायका त्यासाठी थांबल्या नव्हत्या. २००७ मध्ये बायकांची ब्रिटिश ओपन पहिल्यांदा ओल्ड कोर्सवर झाली आणि मेक्सिकोच्या लोरेना ओचोआनं जिंकली. २०२४ मध्ये लिडिया को ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळवून थेट इथे आली आणि हीही स्पर्धा घेऊन गेली.

हिमालयावर आमच्या पुढे सत्तरीच्या एक आजी एकट्याच खेळत होत्या. तिसऱ्या होलपासून त्यांनी मला सोबतीला घेतलं. पहिल्यांदाच पटर हातात धरलेला दादा माझ्यापेक्षा बरं खेळत होता, हे त्यांनाही दिसत होतं. शेवटी न राहवून मी त्यांना माझ्या नऊ फटक्यांची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नऊच ना? उद्या रविवार आहे, मैदान चालून बघ. तुझ्यापेक्षा खूप मोठी माणसं तिथे रडून गेली आहेत."

रविवारची पायपीट

रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद. काही मोठ्या स्पर्धा सोडल्या तर हा शिरस्ता कायम. त्या दिवशी मैदानाची होते बाग. कुत्री पळतात, बाबागाड्या फिरतात, हँगओव्हर झालेले विद्यार्थी चालतात. ज्या गवतासाठी लोक जगभरातून येऊन सोडतीत नाव घालतात, त्यावर मी फुकटात उभी होते.

पहिल्या ग्रीनसमोर स्विल्कन बर्न नावाचा ओढा. ओढा कसला, उडी मारून जाता येईल एवढा पाट. २०२२ च्या दीडशेव्या ओपनमध्ये खुद्द टायगर वुड्सचा दुसराच फटका या पाण्यात गेला होता. ज्या टायगरनं २००० साली इथे चार दिवसांत एकदाही बंकरमध्ये चेंडू न घालवता स्पर्धा जिंकली, तोच हा टायगर. आजींचा मुद्दा पहिल्याच होलवर पटला.

मैदान लांबून सपाट वाटतं, पण पायाखाली सतत लाटा आहेत. बंकर ११२, आणि त्यातले कित्येक टी वरून दिसतच नाहीत. बहुतेक ग्रीन जुळे : एकाच हिरवळीवर दोन होल, आणि दोघांच्या नंबरांची बेरीज दर वेळी अठरा. दादाला हे गणित इतकं आवडलं, की तो प्रत्येक झेंडा तपासत सुटला.

अकराव्या होलपाशी, मैदानाच्या टोकाला, जिथे एडन नदीची खाडी दिसते, तिथे मी बराच वेळ थांबले. ग्रीनच्या डावीकडे हिल बंकर आहे. १९२१ च्या ओपनमध्ये बॉबी जोन्स नावाचा एकोणीस वर्षांचा अमेरिकन पोरगा तिसऱ्या राउंडमध्ये या वाळूत अडकला. पहिल्या नऊ होलना त्यानं ४६ फटके घेतले होते. वाळूतून सुटका होईना, तेव्हा त्यानं चेंडू उचलून खिशात घातला आणि स्पर्धा सोडली.

हाच जोन्स सहा वर्षांनी परत आला. १९२७ ची ओपन त्यानं इथेच सहा फटक्यांनी जिंकली. १९३० मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर इथे जिंकली आणि त्याच वर्षी ब्रिटिश ओपन, यूएस ओपन, यूएस अमॅच्युअरही. मग अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धांमधून निवृत्त झाला. हा माणूस वकील होता, आणि स्पर्धा खेळला तोवर कायम हौशीच राहिला. १९५८ मध्ये या गावानं त्याला आपलं मानद नागरिकत्व दिलं. दहाव्या होलला आज त्याचं नाव आहे.

मीही अठ्ठावीसचीच. फरक एवढाच, की तो सगळं जिंकून निवृत्त झाला आणि मी काहीच न जिंकता सेट विकत होते. निवृत्तीसाठी आधी काहीतरी खेळावं लागतं हो!

रस्त्याकडेचा सतरावा

परतीच्या वाटेवर चौदाव्याला 'हेल' बंकर, आत उतरलं तर आभाळच दिसावं एवढा खोल. १९९५ मध्ये जॅक निकलसनं या होलवर दहा फटके घेतले. आणि मग सतरावा, रोड होल. टी वरून फटका हॉटेलच्या कोपऱ्यावरून मारायचा, ग्रीनच्या मागे डांबरी रस्ता आणि दगडी भिंत, पुढे रोड बंकर. १९७८ मध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा चुरशीत असताना इथे ग्रीनवर होता. त्यानं पट केला, चेंडू घरंगळत बंकरमध्ये. बाहेर काढायला चार फटके. एकूण? नऊ! त्या बंकरच्या काठावर मी एकटीच हसत सुटले. दादाला वाटलं, मला ऊन लागलं.

पण मला इथे यायचं होतं ते २०२२ साठी. आमच्या गोल्फच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक मेजरला पैज असते. तीन नावं द्यायची, हरणाऱ्यांनी मिसळ खिलवायची. त्या वर्षी माझी नावं होती रोरी मॅकिलरॉय, स्कॉटी शेफलर आणि शेन लाउरी. आमच्या ग्रुपमधल्या एका सीएनं कॅमेरॉन स्मिथला निवडलं होतं, का तर त्याची मागे वाढवलेली केशरचना भारी!

शेवटच्या दिवशी रोरी आणि व्हिक्टर होवलँड पुढे, स्मिथ चार फटके मागे. रोरीनं त्या दिवशी अठराच्या अठरा ग्रीन व्यवस्थित गाठली आणि प्रत्येक ठिकाणी दोन पट घेतले. ७० चा राउंड. तो कोसळला नाही, फक्त पट आत जाईनात. इकडे स्मिथनं दहाव्यापासून सलग पाच बर्डी मारल्या. सतराव्याला मात्र तो फसला. झेंडा आणि तो यांच्या मधोमध रोड बंकर. जग बघत होतं. त्यानं ऐटबाज फटका मारला नाही. पटर घेतला, बंकरला वळसा घालून चेंडू लोटला, उरलेला दहा फुटांचा पट आत घातला. राउंड ६४, स्पर्धा खिशात.

'मॅडम, पटर घ्या. बाजूनं लोटा.' आमच्या कॅडीनं मला तेच सांगितलं होतं. रोरीचं हरणं आणि माझं हरणं यात मी उगाच साम्य शोधत होते. तो काही न चुकता हरला. मी व्हरांड्यातल्या लोकांसाठी खेळले म्हणून हरले. पहिल्यावर इलाज नाही. दुसऱ्यावर आहे.

शेवटी स्विल्कन ब्रिजवर फोटो काढला. सगळेच काढतात, मी कोण टिकोजीराव?

आणि २०२७?

ओपन सेंट अँड्र्यूजला परत येतेय जुलै २०२७ मध्ये. मैदान पायी फिरल्यावर माझं एक मत झालंय. इथे नुसती ताकद पुरत नाही. जुळ्या ग्रीनवर लांबच लांब पट वाट्याला येतात आणि वारा दुपारनंतर मूड बदलतो. ज्याला साठ फुटांवरून चेंडू होलजवळ आणून ठेवता येतो आणि जो साधा फटका खेळायला लाजत नाही, तोच टिकतो.

माझी तीन नावं : शेफलर, कारण २०२५ ची ओपन त्यानं पोर्टरशला चार फटक्यांनी जिंकली तेव्हा तो कुठेच घाईत दिसला नाही. रोरी, कारण २०२५ ची मास्टर्स जिंकून त्यानं चारही मेजरचा संच पूर्ण केलाय, आता या गावाचं देणं तेवढं बाकी आहे. आणि छुपा रुस्तम रॉबर्ट मॅकिंटायर : डावखुरा, स्कॉटिश, वाऱ्यात वाढलेला. ओल्ड कोर्सवर ज्याचा शेवट होतो ती डनहिल लिंक्स त्यानं २०२५ मध्ये जिंकली. तुम्ही यावर पैज लावलीत आणि हरलात, तर मिसळ तुमच्या खर्चानं.

राहता राहिली मी. पुण्यात परतल्यावर महिन्याची स्पर्धा खेळले. अठराव्याला चेंडू पुन्हा त्याच बंकरच्या अलीकडे. व्हरांड्यात तीच मंडळी. कॅडीनं काही बोलायच्या आत मी पटर मागितला. चेंडू बाजूनं रडतखडत गेला, कुणी टाळी वाजवली नाही. सहा फटके. एका पॉइंटनं बक्षीस हुकलं. घरी येऊन ड्राफ्टमधली जाहिरात डिलीट केली.

जायचंय?

एडिंबरा ते ल्यूकर्स ट्रेन, पुढे बस. ओल्ड कोर्स खेळायचा असेल तर हँडिकॅप सर्टिफिकेट विसरू नका आणि सोडतीसाठी दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. नंबर नाही लागला तर नऊ होलचा बॅल्गोव्ह कोर्स खिशाला परवडणारा आहे. गोल्फ येत नसेल तर हिमालय आहेच. आणि काहीही झालं तरी रविवारी तिथे असा. वेस्ट सँड्सच्या किनाऱ्यावरही एक चक्कर मारा, 'चॅरियट्स ऑफ फायर'मधली ती पळणारी मंडळी इथलीच!