आडनाव काय म्हणालात?

मुलाखती संपल्यावर आम्ही चौघं बसलो होतो. तीन गोरे आणि मी. टेबलावर सकाळचा डोनटचा खोका, त्यात शेवटचा एक, कुणीच न उचललेला. दोघांतून एकाला घ्यायचं होतं. पहिला बेताचाच, पण आमच्यातल्या एकाशी दहा मिनिटं मासेमारीवर रंगून बोलला होता. दुसरी काळी बाई. तिनं डेटाबेसचं गणित उभ्याउभ्या फळ्यावर सोडवलं, वर आमच्याच प्रश्नातली चूक दाखवली.

“हुशार आहे,” मॅनेजर म्हणाला, “पण टीममध्ये मिसळेल का, सांगता येत नाही.”

कुणाचा आवाज चढला नाही, कुणी वावगा शब्द काढला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. आपली मान हो म्हणते की नाही, हे अमेरिकनांना एरवी कळत नाही. त्या दिवशी बरोबर कळलं.

पुढे कधीतरी मारिआन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांचा २००४ साली छापून आलेला अभ्यास वाचला. त्यांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार बनावट अर्ज धाडले. अर्ज तोलामोलाचे, नावं तेवढी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दिलेली. कुठे एमिली, ग्रेग, तर कुठे लकीशा, जमाल. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, काळ्या वाटणाऱ्या नावाला पंधरांमागे.

मला त्यातली एमिली सोडवत नाही. बोलावणं आलं की तिला वाटणार, आपल्या गुणांवर आलं. ते खोटंही नाही. पण जे पाच अर्ज तिला करावेच लागले नाहीत, ते तिला दिसणार कुठून? याला व्हाइट प्रिव्हिलेज म्हटलं की गोरी माणसं दुखावतात, आम्ही काय फुकट खाल्लं म्हणतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण पुण्यात मी एमिलीच होतो.

१९९६ साली सदाशिव पेठेत खोली शोधत होतो. बरोबर वर्गात पहिला येणारा माझा मित्र. मालकीणबाईंनी दोघांना नीट न्याहाळलं. “आडनाव काय म्हणालात?” माझं ऐकून त्यांनी आत चहा टाकायला सांगितला. त्याचं ऐकल्यावर म्हणाल्या, “एकच कॉट आहे हो.” दारातून दोन कॉट दिसत होत्या. खोली मी घेतली. तो येरवड्याला काकांकडे राहिला, सायकलनं कॉलेजला यायचा. आपण नीटनेटके दिसतो म्हणून खोली मिळाली, अशी माझी कित्येक वर्षं प्रामाणिक समजूत होती.

इथं आलो की आपण कुठल्या रांगेत, हा प्रश्न जुना आहे. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात होते. त्यांना नागरिकत्व मिळावं म्हणून युक्तिवाद झाला, की ते उच्चजातीय आर्य, म्हणजे गोरेच. १९२३ साली सुप्रीम कोर्टानं तो फेटाळला. गोऱ्यांच्या रांगेत शिरायला जातीचा दाखला! हसू येतं, आणि लगेच स्वतःची मान आठवते. दुसरी रांगही आपल्याच माणसानं दाखवून ठेवली होती. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा १९४६ साली आंबेडकरांनी तिथले काळे विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागवल्या. अस्पृश्यांच्या वतीनं तसंच काही करण्याचा विचार होता.

आणि माझ्यासारख्यांना हे दार उघडं झालं ते १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानं, नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना. लाठ्या काळ्यांनी खाल्ल्या, व्हिसा आम्हाला मिळाला. हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. त्या दिवशीही माहीत होतं. पण माझं ग्रीन कार्ड व्हायचं होतं, मॅनेजरची सही लागणार होती. कारण खरं आहे. पुरेसं आहे का, ते तुम्ही ठरवा.

त्या बाईंना नकाराचा ईमेल एचआरनं पाठवला. त्यात कारण दिलेलं नव्हतं. आमच्या बैठकीच्या नोंदीत मात्र एक ओळ आहे: निर्णय एकमतानं.