न जुळलेला सांधा

दुभंगलेल्या ओठाचे तान्हे मूल मांडीवर घेऊन बसलेली आई माझ्यापुढे पहिली कैफियत मांडते ती बहुधा ग्रहणाची: पाचव्या महिन्यात ग्रहण लागले, सासूबाईंनी बजावूनही तिने विळीवर भाजी चिरली, आणि तेच पोराच्या ओठाला बाधले. घरातल्या घरात शाबीत होऊन बसलेला हा आरोप रद्द करविणे मला ओठ शिवण्याइतकेच निकडीचे वाटत आले आहे, कारण ओठाचा व्रण वर्षा-दोन वर्षांत फिका पडतो आणि आरोप मात्र त्या बाईला जन्मभर पुरतो.

वस्तुतः हा ओठ कुणी कापलेला नसतो. तो जुळायचाच राहिलेला असतो. गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात, भ्रूणाची लांबी जेमतेम अर्धा सेंटिमीटर असताना, चेहरा म्हणण्याजोगे काहीच नसते. भावी मुखाच्या खळग्याभोवती पाच उंचवटे तेवढे असतात, वर कपाळाकडचा एक, बाजूंना वरच्या जबड्याचे दोन आणि खाली खालच्या जबड्याचे दोन. पुढे कपाळाकडच्या उंचवट्याचे नाकालगतचे भाग मध्याकडे सरकतात, गालांकडून येणारे उंचवटे त्यांना येऊन भिडतात, मधला पातळ पडदा विरतो आणि दोन्ही बाजू एकजीव होतात. सातव्या आठवड्याच्या अखेरीस हा व्यवहार पुरा तरी झालेला असतो, किंवा राहून तरी गेलेला असतो. पाचव्या महिन्यातली विळी तेथवर पोचणार कशी? केसपेपरच्या पाठीवर ते पाच उंचवटे काढून मी सासूबाईंना जवळ बोलावतो आणि महिने त्यांच्याकडूनच मोजून घेतो. काही दोष आनुवंशिक असतो, क्वचित अपस्मारावरच्या एखाद्या औषधाचा असतो, पण पुष्कळदा एक असे कारण दाखविताच येत नाही, आणि हेही मी त्यांना स्पष्ट सांगतो.

टाळूची घडण त्यानंतरची: तिचे दोन पडदे प्रथम जिभेच्या दोन्ही अंगांना उभे लोंबत असतात, जीभ खाली उतरली की आडवे होतात आणि मध्यरेषेवर सांधतात.

ओठ आम्ही मूल साधारण तीन महिन्यांचे झाले की शिवतो. चिरेच्या कडा नुसत्या ओढून टाके घातले तर ओठ तोकडा राहतो, कारण तोंडाभोवती वळसा घालणारा स्नायू, पलीकडची बाजू न सापडल्यामुळे, चिरेच्या कडेकडेने वर चढून नाकपुडीच्या पायथ्याशी चिकटलेला असतो. तेथून सोडवून त्याला आडवा करावा, दोन्ही टोके एकमेकांस शिवावी, आणि मगच त्वचेकडे वळावे. ओठ आणि त्वचा यांच्या सरहद्दीवरची बारीक फिकट कड निळ्या ठिपक्यांनी आधीच खुणावून ठेवलेली असते, कारण तेथली एका मिलिमीटरची तफावत समोरच्या माणसाला हातभर अंतरावरून दिसते.

दातांचे अंकुर सहाव्या आठवड्यापासून याच जबड्यांच्या कडांवर धरू लागतात. म्हणून चीर हिरडीपर्यंत गेलेली असेल तर तिच्यालगतचा पटाशीचा दात पुष्कळदा उगवत नाही, किंवा वेडावाकडा येतो. अशा मुलाच्या हिरडीतील खिंडीत आम्ही पुढे, नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास, कमरेच्या हाडाचा मऊ गर भरतो, म्हणजे सुळ्याला उतरायला हाड मिळते.