गाडीची दुसरी चावी

घरात गाडी आल्यापासून ओळखीचे लोक चार प्रश्न विचारतात. जुनी का घेतली? पेट्रोलची का घेतली? आजकाल सगळे उंच गाड्या घेतात, मग ही बसकी सेडान का? आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून, ऑटोमॅटिक कशाला? या चौथ्या प्रश्नात पाचवा दडलेला असतो: बाई चालवणार म्हणून का? त्याचे उत्तर सरळ आहे. होय, म्हणूनच.

आम्ही लोणावळ्यात राहतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मुलांना मराठी शिकवते. मुलांचे अब्बा चाकणला कारखान्यात पाळीत काम करतात. पहिली पाळी असली की फजरनंतर लगेच कंपनीच्या बसला निघतात. सासूबाईंचे, म्हणजे आमच्या अम्मींचे, डायलिसिस दीड वर्षापूर्वी सुरू झाले. त्यासाठी आठवड्यातून दोनदा तळेगाव दाभाडेला जावे लागते. यंत्रावर चार तास आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळा.

लोकलने तळेगाव लांब नाही. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव आणि मग तळेगाव. पण स्टेशनला जिने आहेत, दुपारी लोकलमध्ये मोठा खंड असतो, आणि डायलिसिसनंतर अम्मींचा रक्तदाब उतरलेला असतो. पाय लटपटतात, मळमळते. अशा माणसाला फलाटावर बसवून गाडीची वाट पाहणे फार अवघड. भाड्याची गाडी करावी, तर महिन्याला आठ-नऊ फेऱ्या होतात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्यात पर्यटकांची इतकी गर्दी असते की भाड्याची गाडी सांगूनही वेळेवर येत नाही. शेजारचे, नात्यातले लोक मदत करत होते. अल्लाह त्यांना त्याचा मोबदला देवो. पण दर आठवड्याला दोनदा कुणाच्या दारात उभे राहायचे? हा आजार महिन्या-दोन महिन्यांचा नाही.

माझ्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स नऊ वर्षांपासून होते. आपल्याकडच्या कितीतरी बायकांप्रमाणे मीही ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकले, परीक्षा दिली आणि लायसन्स कपाटात ठेवले. स्टिअरिंग जमत होते, रस्त्याचे नियम पाठ होते. अडत होते ते चढावर, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरचा मेळ घालताना. लोणावळ्यात चढ-उतार नाही असा रस्ता शोधावा लागतो. म्हणून गाडीचा विषय निघाला तेव्हा मुलांचे अब्बा म्हणाले, "मी पाळीवर असणार. गाडी तुम्ही चालवणार, तर पसंतीही तुमचीच."

आता पहिला प्रश्न, जुनी का. नवी गाडी कर्जाशिवाय होणार नव्हती, आणि व्याजाचा हप्ता घरात आणायचा नाही हे आमचे आधीच ठरलेले होते. जुन्या गाडीलाही कर्ज मिळते, पण त्याचा व्याजदर साधारणपणे नव्या गाडीपेक्षा जास्तच असतो. आमच्याकडे शिक्षिकांच्या भिशीचे पैसे होते, थोडी शिल्लक होती आणि एक स्कूटर विकली. साडेपाच लाखांच्या आत जे बसेल ते घ्यायचे, असा हिशेब केला.

दोन महिने गाड्या पाहिल्या. एका दुकानातल्या गाडीचे मीटर ३८ हजार किलोमीटर दाखवत होते. पण ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत झाले होते, स्टिअरिंगचे कातडे चकाकत होते. गाडीच्या नंबरवरून सर्व्हिसचा इतिहास काढला तर दोन वर्षांपूर्वीच ती ७० हजारांच्या पुढे गेलेली. आम्ही सलाम करून बाहेर पडलो. शेवटी चिंचवडच्या एका निवृत्त गृहस्थांकडे २०१८ ची मारुती सियाझ मिळाली. दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक, ४१ हजार किलोमीटर चाललेली. त्यांनी सर्व्हिसची सगळी बिले समोर ठेवली आणि मागच्या दाराला कुठे पोचा येऊन रंग दिला आहे, ते आम्ही विचारण्याआधी दाखवले. मालातला दोष सांगून विकावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तसे वागणारा माणूस भेटला की व्यवहारात बरकत वाटते.

कागदपत्रांचेही सांगते, कारण बरेच लोक इथे आळस करतात. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. आधीच्या मालकाचे कर्ज असेल तर बँकेची नोंद उतरवण्यासाठी फॉर्म ३५. गाडी विकत घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. जुने ई-चलन थकलेले नाही ना, हे आधी पाहावे. आधीच्या मालकाचा फास्टॅग बंद करून आपला नवा लावावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे आमच्या गाडीला २०३३ पर्यंत मुदत आहे. आणि दोन्ही चाव्या मागून घ्याव्यात. जुन्या गाडीच्या सौद्यात दुसरी चावी बऱ्याचदा 'सापडत नाही'.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. आमचे रोजचे जाणे शाळा, बाजार आणि मदरसा एवढे दोन-तीन किलोमीटरचे. आजच्या डिझेल गाड्यांच्या धुरनळीतली गाळणी स्वच्छ राहायला अधूनमधून लांब पल्ला लागतो. छोट्या फेऱ्यांनी ती तुंबते. सीएनजीत खर्च वाचतो, पण सिलिंडर डिकीतली जागा खातो, आणि आम्हाला तिथे चाकांची खुर्ची ठेवायची होती. सियाझची डिकी ५१० लिटरची आहे. घडी केलेली खुर्ची, अम्मींची पिशवी, जानमाज आणि भाजीची थैली एवढे सगळे मावते.

तिसरा प्रश्न बसक्या गाडीचा. उंच गाडीत अम्मींना चढावे लागते, ते त्यांना जमत नाही. सेडानमध्ये त्या आधी सीटवर बसतात, मग दोन्ही पाय आत घेतात. मागे पाय पसरायला जागा भरपूर आहे. उतरताना मात्र खालून उठावे लागते आणि गुडघ्यावर जोर येतो. त्यावर घट्ट कापसाची चार बोटे उंच गादी शिवून घेतली. आता उठताना माझा एक हात पुरतो. ज्यांच्या घरी गुडघ्याचे दुखणे आहे, त्यांनी गाडी पसंत करताना त्या माणसाला सोबत नेऊन दोनदा बसवून-उठवून पाहावे.

आता ऑटोमॅटिक. हा शब्द एक असला तरी आतले प्रकार वेगळे आहेत. स्वस्त प्रकारात क्लच आणि गिअर साध्या गाडीसारखेच असतात. फक्त तुमच्या पायाऐवजी एक यंत्र क्लच दाबते. गिअर बदलताना त्यात हलका झोका बसतो. दुसऱ्या प्रकारात दोन पुल्या आणि एक पट्टा असतो, ठरावीक गिअर नसतातच. तिसऱ्यात दोन क्लच आळीपाळीने काम करतात. आमच्या गाडीत आहे तो जुना, पारखलेला प्रकार: इंजिन आणि गिअर यांच्या मध्ये तेलाने भरलेले एक भांडे असते. वर्गात सांगायचे तर टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा, त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागेल. इथे वाऱ्याच्या जागी तेल आहे. म्हणून गाडी मऊपणे निघते. डायलिसिसनंतर परतताना अम्मींना झोका लागला की मळमळते. त्यामुळे हा मऊपणा आमच्यासाठी चैनीचा नाही, गरजेचा आहे.

साडेतीन महिन्यांत गाडी ३,१०० किलोमीटर चालली. पहिल्या दिवसापासून मी डावा पाय मागे ओढून ठेवते. क्लचची सवय असलेला डावा पाय ब्रेकवर पडला तर गाडी दाणकन थांबते. उजव्या पायानेच दोन्ही पेडल दाबायची. 'डी'मध्ये टाकून ब्रेक सोडला की गाडी आपोआप सरपटू लागते. शनिवारी कुमार चौकातल्या गर्दीत याच सरपटण्यावर गाडी पुढे सरकते. चढावर थांबले तरी ती चटकन मागे घसरत नाही. ज्या एका गोष्टीसाठी माझे लायसन्स नऊ वर्षे कपाटात होते, ती गोष्टच या गाडीत नाही. चढावर गाडी उभी करताना मात्र ब्रेक दाबून आधी हँडब्रेक ओढते, मग 'पी'. नाही तर सगळा भार गिअरबॉक्सच्या लहानशा खिळीवर येतो.

घाटाचे वेगळे. नात्यातल्या लग्नासाठी आम्ही पनवेलला गेलो तेव्हा खंडाळ्यावरून खोपोलीला उतरलो. ऑटोमॅटिक म्हणून सगळे गाडीवर सोडायचे नसते. उतारावर सतत ब्रेक दाबला तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. गिअरच्या दांड्यावरचे बटण दाबून वरचा गिअर बंद करता येतो, आणि तीव्र उतारावर '२' लावता येतो. मग इंजिनच गाडीला मागे धरते आणि ब्रेक अधूनमधून लागतो. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे लोक आहेत. तसे कधीही करू नये. गाडी मोकळी सुटते, आणि वाचतही काही नाही. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजिनला पेट्रोल जाणेच थांबते.

वरच्या बाजूला, टायगर पॉइंटच्या चढावर किंवा खोपोलीहून वर येताना, पाय दाबल्यावर आधी इंजिनचा आवाज वाढतो आणि ओढ क्षणभराने येते. चारच गिअर आहेत, म्हणून ट्रकच्या पुढे जायचे तर जागा भरपूर हवी. मी थांबते. अम्मी मागे असताना मला कुणालाच मागे टाकायचे नसते.

खर्चही लपवत नाही. कंपनी लिटरमागे २० किलोमीटर सांगते, पण ती चाचणीतली गोष्ट. टाकी भरून मोजले तर गावात ११ पडतात आणि जुन्या महामार्गाने वरसोली, कामशेत, वडगाव करत तळेगावला १६ ते १७. वरसोलीचा टोल वेगळा. गिअरबॉक्सचे तेल बघून घ्यावे लागते. या गाडीत नेहमीच्या बॅटरीबरोबर लिथियमची एक छोटी बॅटरी आहे. ती बदलायची वेळ आली तर किती लागेल, हे आधीच विचारून तेवढे पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. बॅटरी उतरली तर अशी ऑटोमॅटिक गाडी धक्का देऊन चालू होत नाही, आणि बंद पडली तर पुढची चाके रस्त्यावर टेकवून ओढत न्यायची नसते. म्हणून मदतीच्या गाडीचा नंबर मोबाइलमध्ये हवा.

पण हिशेबाच्या वहीत न मावणारेही काही आहे. पूर्वी डायलिसिसच्या आदल्या रात्री घरात फोनाफोनी चालायची. कोण मोकळे आहे, कोण येईल. अम्मी ते पलंगावरून ऐकत असत. "मी सगळ्यांना त्रास देते," असे त्या म्हणायच्या. जुलैत एके दिवशी पहाटेपासून मुसळधार पाऊस होता, वलवणपाशी धुक्यात चार हातांपलीकडचे दिसत नव्हते. काचेवरची वाफ घालवायला मी एसी लावला, दिवे लावले आणि सावकाश निघाले. अम्मी मागे तस्बीह ओढत होत्या. कामशेत गेल्यावर म्हणाल्या, "बेटा, येताना भाजी घेऊ या." डायलिसिसला जाताना परतीचा विचार त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

बहुतेक घरांत गाडीची एक चावी घरधन्याच्या खिशात असते आणि दुसरी कपाटात, लायसन्सशेजारी. आजार, बाळंतपण, मुलाची परीक्षा हे सारे घरधनी मोकळा असतानाच येते असे नाही. माझ्या दोन सहकारी शिक्षिकांनीही त्यांची लायसन्स बाहेर काढली आहेत. रविवारी सकाळी गर्दी व्हायच्या आत आम्ही मोकळ्या रस्त्यावर सराव करतो. तुमच्याकडे गाडी घ्यायचा विचार असेल, तर पाहायला जाताना घरातल्या बाईला मागच्या सीटवर बसवून नेऊ नका. तिला स्टिअरिंगसमोर बसवा, तिचे पाय पेडलपर्यंत पोचतात का पाहा, आणि सौदा झाल्यावर दुसरी चावी तिच्या हातात द्या.